खडूस हाऊस आणि आपला फणस: फॅनफिक लिहिणाऱ्यांसाठी

आमच्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या रविवारच्या बैठकीत गेल्या पावसाळ्यात 'हाऊस' या अमेरिकन मालिकेतल्या खडूस डॉक्टर हाऊसवरच्या सहा फॅनफिक, म्हणजे चाहत्यांनी आवडत्या पात्रावर लिहिलेल्या कथा, वाचून झाल्या. पाचांत तो शेवटी रडतो. सहावीत रडत नाही, पण पाऊस पडतो आणि तो छत्रीशिवाय उभा राहतो, म्हणजे तेच. लिहिणारी मुलं हुशार आहेत. एक खानापूरहून येते, एक निपाणीचा, बाकीची शहापूर-वडगावची. मराठीत लिहितात, आपसात निम्मं कन्नड बोलतात आणि मालिका फोनवर इंग्रजी सबटायटल लावून बघतात. सगळे 177 भाग पाठ. तरी कागदावर उतरला तो हाऊस नव्हता, फणस होता. वरून काटे, आत गोड गरे, आणि कथा म्हणजे नुसता सोलण्याचा कार्यक्रम.

आपल्या भाषेनंच ही सवय लावली आहे. तिरसट माणूस दिसला की 'फणसासारखा आहे हो' म्हणून मोकळं व्हायचं. बेळगावकरांना तर ती जास्तच. पुलंनी आमच्या गावचे रावसाहेब लिहिले तेव्हापासून शिवराळ माणसाच्या पोटात आम्ही लोणी शोधत फिरतो. पण पुलंनी रावसाहेबांच्या शिव्या धुऊन काढल्या नव्हत्या. शिवी आणि जिव्हाळा तिथे एकाच श्वासात येतो, एक सोलून दुसरं काढता येत नाही.

आणि ज्यांनी खरोखर घरी फणस फोडलाय, जांबोटी-कणकुंबीकडचा, त्यांना माहीत आहे की काटे आणि गरा यांच्यामध्ये चीक असतो. हाताला आणि विळीला खोबरेल लावल्याशिवाय हात घालायची सोय नसते. लागला की साबणानं जात नाही. उपमा वापरणारे चीक विसरतात. पुढे जे सांगतो आहे ते बहुतेक चिकाबद्दल आहे.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: 'हाऊस' 16 नोव्हेंबर 2004 ते 21 मे 2012 या काळात अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर चालली, 8 पर्वं. मुख्य भूमिकेत ह्यू लॉरी. न्यू जर्सीतल्या एका काल्पनिक रुग्णालयात हाऊस निदान विभागाचा प्रमुख. उजवी मांडी कायमची दुखरी, हातात काठी, खिशात विकोडिन या वेदनाशामकाच्या गोळ्या, तोंडात विष. मुळाशी शेरलॉक होम्स आहे. हाऊसच्या घराचा नंबरसुद्धा 221बी, आणि जिवलग मित्र विल्सन म्हणजे वॉटसन. हाऊसला रुग्णापेक्षा कोडं प्रिय.

वही घ्या, आणि मालिकेकडे परत जा

फॅनफिक लिहिणारा बहुतेकदा मालिकेवरून लिहीत नाही, आधी वाचलेल्या फॅनफिकवरून लिहितो. चाहत्यांनी आपसात पक्क्या करून टाकलेल्या, पण मालिकेत नसलेल्या गोष्टींना फॅनॉन म्हणतात. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अक्षरातले बारीक फाटे आधी जातात आणि जाड रेघा तेवढ्या उरतात, तसं ते होतं. म्हणून पहिलं काम लेखणी उचलायचं नाही. तीन भाग निवडा आणि वही घेऊन बघा. मी मुलांना हे तीन देतो: अगदी पहिला भाग, पहिल्या पर्वाचा 21वा आणि तिसऱ्या पर्वाचा 7वा.

वहीत पानाला पाच रकाने पाडा. कोणाला टोचून बोलला. नेमकं काय बोलला. तेव्हा त्याला काय माहीत होतं. त्यातून काय मिळालं. काय गमावलं. चौथा रकाना भरताना मजा येते, पाचवा भरताना मुलं गप्प होतात. पहिल्याच भागात कडी, म्हणजे रुग्णालयाची प्रमुख, त्याचे एमआरआयपासून फोनपर्यंतचे अधिकार काढून घेते, कारण तो ओपीडीचे तास वर्षानुवर्षं चुकवतोय. तो आरडाओरडा करतो आणि शेवटी तास भरायला कबूल होतो. आमच्या सहा कथांत मात्र त्याच्या बोलण्याची किंमत त्याला कुठेच मोजावी लागली नव्हती. त्याच्या शिव्या फुकट होत्या.

बारीकसारीक गोष्टीही टिपा. काठी तो उजव्या हातात धरतो, म्हणजे दुखऱ्या पायाच्याच बाजूला. फिजिओथेरपिस्ट उलट बाजूला धरायला सांगतात. आमच्या एका कथेत काठी डाव्या हातात होती. लिहिणारीचं म्हणणं, 'बरोबर तेच लिहिलं की सर.' बरोबर होतं, पण हाऊसचं नव्हतं.

विशेषणं काढा

आता आपल्या कथेतून हाऊसला लावलेली विशेषणं वेगळ्या कागदावर उतरवा. एकाकी, व्यसनी, जखमी, जीनियस, खडूस, हळवा. सगळ्यांवर काट मारा आणि मग कथा वाचून बघा. काही उरलं नाही तर कथा अजून लिहायची आहे.

गोळ्यांचंही तेच. दर दोन परिच्छेदांनी त्यानं गोळी तोंडात टाकली म्हणजे व्यसन लिहून झालं असं नाही. पहिल्या पर्वाच्या 11व्या भागात कडी त्याच्याशी पैज लावते: आठवडाभर गोळीविना राहा, महिनाभर ओपीडी माफ. तो पैज जिंकतो, त्यासाठी आपल्याच हाताची बोटं ठेचून घेतो, म्हणजे तेवढा वेळ दुखणं दुसरीकडे वळतं. शेवटी विल्सनसमोर कबूल करतो, हो, मी व्यसनी आहे. आणि लगेच म्हणतो, पण त्यात अडचण काय? फॅनफिकमध्ये कबुलीनंतर मिठी येते. इथे कबुलीनंतर वाद येतो, आणि त्या वादात हाऊसचं म्हणणं सहज खोडून टाकता येत नाही, कारण दुखणं खरंच आहे.

अपमान लिहायला शिका

इथे जास्त वेळ घालवा. खडूस पात्र बिघडतं ते इथे.

आमच्या कथांतला हाऊस असं बोलायचा: 'तुम्ही सगळे मूर्ख आहात. निघा माझ्या ऑफिसमधून.' हे कुठलाही रागीट साहेब बोलेल. आता पहिल्या भागातला माणूस आठवा. ओपीडीत एक जण पाठ धरून येतो. पाठीचं सांगून झाल्यावर हाऊस त्याला म्हणतो, तुझी बायको बाहेर लफडं करते आहे. कारण माणूस अंगभर नारिंगी झाला आहे. त्याला स्वतःला कळलं नाही एक वेळ ठीक, पण नवऱ्याचा रंग बदललेला बायकोला दिसत नाही म्हणजे तिचं त्याच्याकडे लक्षच नाही. आणि जाता जाता निदान: गाजरं खूप खातोस, व्हिटॅमिनच्या गोळ्याही भरमसाट घेतोस. गाजरानं पिवळेपणा येतो, नायसिन या व्हिटॅमिननं लाली.

हा अपमान उलगडून बघा. आधी निरीक्षण, मग त्यावरून काढलेला निष्कर्ष, तो बरोबर आणि कामाचा. आणि शेवटी क्रूरपणा, जो मुळीच लागत नव्हता. गाजरं कमी कर एवढं सांगून भागलं असतं. चाहते एक तर निरीक्षण गाळतात, मग उरतो नुसता तोंडाळ माणूस. नाहीतर क्रूरपणाला कारण शोधून देतात, मग उरतो साधुपुरुष. दोन्ही एकत्र ठेवायचं.

माझे एक मामा वडगावात जॉबर होते, म्हणजे पॉवरलूम दुरुस्त करणारे. कारखान्याच्या दारात चप्पल काढता काढताच त्यांना कुठल्या मागाचा धोटा नीट जात नाही ते ऐकू यायचं. लहानपणी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. मालक मागाला तेल घालत उभा. मामा आत न जाताच म्हणाले, 'पिकर झिजून सहा महिनं झालं, आणि हे तेल ओतालंय. मशीन तुझ्यापरास शाणं हाय गा. ते निदान वरडालंय तरी.' शेजारी तीन कामगार उभे होते. त्यातल्या एकाला हसू आवरेना, म्हणून तो खाली बसून सूत गोळा करायला लागला. पिकर, म्हणजे धोट्याला धक्का देणारा भाग, खरंच झिजला होता. मालकानं पैसे दिले, चहा मात्र विचारला नाही.

खडूस पात्राचा अपमान लिहिताना मला हा मालक डोळ्यांसमोर लागतो. मामांपेक्षाही जास्त.

सराव असा करा: एका प्रसंगासाठी दहा टोमणे लिहा. ज्यात त्या क्षणी, त्या खोलीत दिसलेली किंवा ऐकू आलेली वस्तू नाही तो टोमणा खोडा. सात जातील. उरलेल्या तिनांत ज्यानं समोरच्याला खरंच लागेल तो ठेवा, आणि पुढच्या ओळीत समोरच्याला लागू द्या. ती ओळ गाळू नका.

तू की तुम्ही

इंग्रजीत हाऊसला एक 'यू' पुरतो, मराठीत आपल्याला ठरवावं लागतं. मुलं सरसकट 'तू' करतात, त्याचा उद्धटपणा दाखवायला. बेळगावात मात्र 'तू'नं उद्धटपणा दिसत नाही. आपल्याकडे म्हाताऱ्या दुकानदारालाही 'काय गा, किती सांगालास' चालतं. आणि बाजारात कन्नडमध्ये 'नीवु', म्हणजे 'तुम्ही', म्हणत म्हणत भाव कसा पाडतात ते या मुलांना मी शिकवायला नको. म्हणून माझा सल्ला: विल्सनला तू. कडीलाही तू, दोघांची ओळख मिशिगन विद्यापीठापासूनची आहे. अनोळखी रुग्णाला मात्र 'तुम्ही', आणि त्या 'तुम्ही'तच सुरी. 'आपण गाजरं मोजून खाता की वजनावर?' हे 'तू मूर्ख आहेस'पेक्षा जास्त कापतं.

नावांचंही बघा. हाऊस बहुतेक सगळ्यांना आडनावानं हाक मारतो आणि तेही त्याला हाऊसच म्हणतात. ग्रेग म्हणते ती स्टेसी, त्याची जुनी प्रेयसी, आणि त्याची आई. कथेत विल्सन हळवा होऊन 'ग्रेग' म्हणाला की जाणकार वाचक तिथेच थांबतो.

जखम एकच नसते

पहिल्या पर्वाचा 21वा भाग बघितल्याशिवाय पायाबद्दल एक ओळ लिहू नका. तो लिहिल्याबद्दल मालिकेचे निर्माते डेव्हिड शोर यांना 2005 चा एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. हाऊस विद्यार्थ्यांसमोर पाय दुखणाऱ्या तीन रुग्णांच्या गोष्टी सांगतो, आणि तिसरा रुग्ण तो स्वतः आहे हे हळूहळू उघड होतं. मांडीतला रक्तपुरवठा तुटलेला, डॉक्टर त्याला औषधासाठी नाटक करणारा नशेडी समजतात. स्नायू मरतो. पाय कापू देत नाही. वेदना सोसेना म्हणून त्याला औषधानं कोमात ठेवतात, आणि तो बेशुद्ध असताना त्याच्या वतीनं सही करण्याचा अधिकार असलेली स्टेसी मधला मार्ग निवडते: मेलेला स्नायू काढून टाका. जीव वाचतो, पाय वाचतो, दुखणं जन्माचं होतं.

स्टेसीचं बरोबर होतं की तिनं दगा दिला? फॅनफिकमध्ये याचा निकाल लागतो, बहुतेकदा स्टेसीच्या विरोधात. तुम्ही निकाल देऊ नका. निकाल लागला नाही म्हणूनच तर तो भाग इतक्या वर्षांनी बघवतो.

आणि पाय हे सगळ्याचं कारण नव्हेच. तिसऱ्या पर्वाच्या 7व्या भागात हाऊस सांगतो की आपण डॉक्टर का झालो. वय 14, वडील अमेरिकन सैन्यात, मुक्काम जपानमध्ये. बरोबरचा मुलगा डोंगर चढताना पडतो. रुग्णालयात चुकीच्या दारानं आत शिरतात आणि वाटेत एक झाडूवाला दिसतो. मुलाला जंतुसंसर्ग होतो, डॉक्टरांना काही सुचत नाही, तेव्हा ते त्या झाडूवाल्याला बोलावतात. तो डॉक्टर असतो. बुराकू, म्हणजे जपानमधल्या अस्पृश्य मानलेल्या समाजातला. पूर्वज कसाई, कबरी खणणारे. आपल्याला हे लोक आपलं मानणार नाहीत हे त्याला माहीत असतं, म्हणून तो नीट कपडे घालायच्या, गोड बोलायच्या फंदातच पडत नाही. पण त्यांना गरज पडली की त्याचं ऐकावंच लागतं, कारण तो बरोबर असतो.

मराठी वाचकाला यात काही समजावून सांगायला लागू नये. तरी आमच्या सहा कथांत हा प्रसंग कुणीही घेतला नव्हता. पाय सगळ्यांनी घेतला. पाय सोपा आहे, त्याची कीव करता येते. हा 14 वर्षांचा मुलगा अवघड आहे, कारण त्यानं त्या माणसाकडून अर्धाच धडा घेतला. झाडूवाल्याला गोड बोलून काही मिळणारच नव्हतं. हाऊस गोऱ्या अधिकाऱ्याचा मुलगा, त्याला सगळे दरवाजे उघडे, आणि तरी त्यानं बरोबर असण्याला माणुसकीतून सुटका मानलं. हा माझा अर्थ. तुमचा वेगळा असेल तर त्यावर कथा लिहा, पायावरची सातवी कथा नको.

बाकीचेही माणसंच आहेत

एक पात्र सपाट केलं की भोवतीची आपोआप सपाट होतात. हाऊस जखमी बाळ झाला की विल्सन नर्स होतो आणि कडी ओरडणारी शाळामास्तरीण. पण विल्सन पहिल्याच भागात खोटं बोलतो. हाऊसनं रुग्ण बघावी म्हणून तिला आपली चुलतबहीण म्हणून सांगतो. हाऊसच्या हाताखालच्या डॉक्टर फोरमनला तिच्या घरी डुकराचं मांस सापडतं, आणि विल्सन तर ज्यू, त्यांच्यात ते निषिद्ध. त्यातून खोटंही पकडलं जातं आणि मेंदूतल्या जंताचं निदानही हाती लागतं. विल्सनची तीन लग्नं मोडली आहेत. तो देवमाणूस नाही, आणि हाऊसशी मैत्री का ठेवतो हे त्यालाही नीट सांगता येत नाही.

एक गोष्ट तर टाळूच नका. सातव्या पर्वाच्या शेवटी हाऊस कडीच्या घरात गाडी घुसवतो. आठवं पर्व उघडतं तेव्हा तो तुरुंगात असतो. 'बिचारा, प्रेमभंग झाला' असं लिहिणाऱ्यांना मी एवढंच सांगतो: तोच प्रसंग एकदा कडीच्या बाजूनं लिहून आणा. दोन पानं. कुणी आणल्यावर परत 'बिचारा' म्हटलेलं मला आठवत नाही.

मामांच्या तेराव्याला आलेले सगळे पुरुष ओसरीवर बसून म्हणत होते, फणस माणूस हो, आतून फार गोड. आत मामी भजी तळत होती. तिनं झारा कढईच्या काठावर दोनदा आपटला, आणि पुढचा घाणा सोडला.

मायेचा प्रसंग

लिहा, जरूर लिहा. हाऊसमध्ये माया नाही असं म्हणणारे दुसऱ्या टोकाला जाऊन तीच चूक करतात. फक्त ती माया आहे की नाही यावर दोन वाचकांचं भांडण होता आलं पाहिजे.

खानापूरच्या मुलीची कथा उदाहरणाला घेतो, तिला विचारून. विल्सन कर्करोगाचा डॉक्टर. एका आईला तिची मुलगी वाचणार नाही हे सांगून तो खोलीत येऊन बसतो. पहिल्या खर्ड्यात हाऊस येतो, त्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, 'मला माहीत आहे तुला किती त्रास होतोय. मी आहे.' मग दोघंही गप्प, डोळ्यांत पाणी.

मी तिला खांद्यावरचा हात काढायला सांगितला आणि विचारलं, हाऊसला काय दिसतंय? काय ऐकू आलंय? तिनं दोन आठवडे घेतले. दुसरा खर्डा असा:

*हाऊस दार न वाजवता आला. टेबलावरच्या फ्रेंच फ्राइजचा पुडा ओढून खुर्चीत बसला.*

*'बावीस मिनिटं,' तो म्हणाला. 'मागच्या आईला चौदा लागली होती. म्हातारा झालास, का ही दिसायला बरी आहे?'*

*विल्सननं मान वर केली नाही. 'चालता हो.'*

*'थंड झालेत हे.'*

*'हाऊस. चालता हो.'*

*हाऊस उठला. पुडा बरोबर घेतला. दार उघडंच टाकून गेला.*

काय बदललं ते बघा. टोमण्यात आकडा आला, आणि तो टोमणा विल्सनच्या मोडलेल्या लग्नांवर बोट ठेवतो. विल्सनला लागलं आणि त्यानं तसं सांगितलं. हाऊसला किंमत मोजावी लागली, खोलीतून जावं लागलं. विशेषण एकही नाही, गोळी नाही, पाय नाही. मी एकच शब्द सुचवला होता. तिनं 'साधारण वीस मिनिटं' लिहिलं होतं, त्याचं मी बावीस करायला सांगितलं.

नाव बदलून वाचा

शेवटची चाचणी सोपी आहे. कथेत हाऊसच्या जागी दुसऱ्या कुठल्याही खडूस पात्राचं नाव घाला, मराठी मालिकेतल्या सासूचंसुद्धा चालेल, आणि मोठ्यानं वाचा. संवाद तसेच बसले तर ते हाऊसचे नाहीत. मग मालिका न पाहिलेल्या एकाला आणि पारायणं केलेल्या एकाला वाचायला द्या. पहिल्याला माणूस दिसला पाहिजे, दुसऱ्याला तोच माणूस. मनातल्या मनात वाचून ही चाचणी होत नाही, जीभ अडखळते तिथेच खोट कळते.

खानापूरच्या मुलीनं दुसरा खर्डा बैठकीत वाचला तेव्हा निपाणीचा मुलगा म्हणाला, हा दुष्ट आहे, मित्र रडकुंडीला आलाय आणि हा फ्राइज पळवतोय. शहापूरची एक जण म्हणाली, अरे पण बावीस मिनिटं त्याला कळली कशी? बाहेर उभा होता की तो, घड्याळ बघत. निपाणीकर म्हणाला, त्याला दुसरं काम नव्हतं, ओपीडी चुकवत असणार. लिहिणारीला विचारलं तर ती म्हणाली, 'मलाबी माहीत नाही.' मग आवाज चढले, कुणीतरी दार उघडंच का टाकलं ते काढलं, आणि त्या भरात तिची खानापूरची बस गेली.